सोवळ्यातला डबा

डबा शोधायला निघालेला माणूस कोणत्या पंथाचा आहे हे त्याच्या बुटांवरून किंवा हातातल्या यंत्रावरून कळत नाही. ते कळतं डबा सापडल्यानंतर. साधा माणूस झाकण उघडतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो, डबा होता तसा ठेवतो आणि घरी जाऊन जेवतो. दुसऱ्या पंथातला माणूस वही उघडतो आणि आधीच्या नोंदी वाचत उभा राहतो. वाचता वाचता त्याच्या कपाळावर आठ्या चढू लागतात. मागच्या रविवारी आलेल्याने नुसती सही ठोकलेली असते. त्याच्या आधी आलेल्या सहा जणांनी सहा नावांऐवजी टोळीचं एकच नाव घातलेलं असतं. त्याच्याही आधीच्या एकाने पेन काढायचेसुद्धा कष्ट न घेता नावाचं स्टिकर डकवलेलं असतं. ज्या आनंदासाठी हा चार मैल चालत आला तो तिथल्या तिथे नासतो, आणि परतीच्या चार मैलांत ‘हल्ली खेळाची पार रया गेली’ या विषयावरचं भाषण मनातल्या मनात तयार होतं. जिओकॅशिंग या खेळातल्या या गृहस्थांना आपण सोवळेबुवा म्हणू. बुवांमध्ये बायकाही असतात. सोवळं दोघांचं एकच.

‘कॅश’ म्हटल्यावर मराठी माणसाचा हात आधी खिशाकडे जातो, म्हणून खुलासा केलेला बरा. ही कॅश नोटांची नाही, दडवून ठेवलेल्या साठ्याची. कुणीतरी पाणी न शिरणारा डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि इतरांनी जीपीएसच्या आधाराने तो हुडकायचा, वहीत नोंद करायची, आतली एखादी चिल्लर वस्तू घ्यावीशी वाटली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये अशी शिकवण असलेल्या आपल्याला, मुळात भांडं लपवायलाच घराबाहेर पडणारी ही जमात नवलाची वाटेल. तिचा जन्म मात्र अगदी तारीखवार सांगता येतो. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकेने लष्करी कारणासाठी मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. ती काढून टाकत असल्याचं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी जाहीर केलं आणि शंभरेक मीटर चुकणारं यंत्र एका रात्रीत दसपट शहाणं झालं. ३ मे रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे जीपीएसच्या नादी लागलेल्या मंडळींना कळवून टाकले. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक बंद डबा. तीन दिवसांच्या आत दोघे जण तिथे पोचलेसुद्धा. त्या सप्टेंबरात खेळाची वेबसाइट सुरू झाली तेव्हा साऱ्या जगात मिळून ७५ डबे होते. आज ३० लाखांहून अधिक आहेत.

इतक्या डब्यांत एकही बक्षीस नाही. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मग भांडणं कशावरून होतात, असा भाबडा प्रश्न पडू शकतो. पण भांडणं होतात ती याच कारणाने. क्रिकेटमध्ये पंच बोट वर करतो आणि वाद तिथे संपतो. इथे पंचच नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापला पंच खिशात बाळगलेला असतो. खेळ कशासाठी खेळायचा हेही कुणी सांगून ठेवलेलं नाही. एकाला चालायला निमित्त हवं असतं, एकाला कोडी सोडवायची असतात, एकाला पोरांना मोबाईलपासून तोडून (मोबाईलच हातात देऊन) बाहेर काढायचं असतं, आणि एकाला आपल्या नावापुढचा आकडा वाढताना बघायचा असतो. या सगळ्यांच्या नावापुढे शेवटी एकाच जातीचा आकडा येतो: सापडलेले डबे, इतके. आठवडाभर कोडं सोडवून, दरीत उतरून, ओलेचिंब होऊन काढलेला डबा म्हणजे एक. गाडीची काच खाली करून हात बाहेर घातला आणि मिळाला, तोही एकच. सोवळेबुवांची खरी जखम इथे आहे. तिला हसण्याआधी हे मान्य करायला हवं की ती जखम खोटी नाही.

बुवांच्या मनात डब्यांची एक उतरंड आहे. सर्वांत वर अमेरिकी लष्कराची काडतुसांची पत्र्याची पेटी. हिरवी, जड, झाकणाला रबर, खटका ओढला की दणकट आवाज करून उघडणारी. ती डोंगरात हवी आणि तिथवर जाताना घाम यायला हवा. तिच्याखाली चार बाजूंनी खटके असलेले प्लास्टिकचे जेवणाचे डबे. त्याखाली कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी डबी, जिच्यात पहिल्याच पावसात पाणी शिरतं आणि वहीचा लगदा होतो. आणि पार तळाशी नॅनो. करंगळीच्या पेराहून लहान, बुडाशी चुंबक, कुठल्याही लोखंडी कठड्याला चिकटून बसणारी. तिच्यातली वही म्हणजे कागदाची बोटभर रुंदीसुद्धा नसलेली पट्टी, अशी घट्ट गुंडाळलेली की काढायला चिमटा लागतो. सही करायला पट्टी उलगडावी तर ती बोटातून सुटून पुन्हा गुंडाळते. सही करून परत आत घालावी तर मघाशी मावणारी पट्टी आता मावत नाही. थंडीत, हातमोजे काढून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा चुकवत हे काम करणाऱ्या माणसाला ‘तुला कष्टच नको असतात’ असं म्हणण्याचं धैर्य फक्त बुवांकडे आहे.

त्यांचा खास राग मात्र दिव्याच्या खांबावर. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांसमोर गाड्यांसाठी जे मैदान असतं, तिथल्या खांबांच्या बुडाशी बोल्ट झाकायला पत्र्याची झालर बसवलेली असते. ती वर सरकते, आणि सरकताना असा कर्कश आवाज करते की ट्रॉली ढकलणाऱ्या सगळ्या माना वळतात. त्या झालरीखाली डबी ठेवायची टूम निघाली आणि इतकी फोफावली की नवशिक्यालासुद्धा आता खांब दिसला की हात शिवशिवतात. बुवा अशा डब्याला डबाच मानत नाहीत. ‘बघायला काय आहे तिथे? डांबर?’ प्रश्न बिनतोड वाटतो. पण खेळातला प्रत्येक डबा दोन मापांनी मोजला जातो, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही मापं १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. म्हणजे एकूण ८१ जोड्या. त्यातलं पोचण्याचं माप १ असणं याचा ठरलेला अर्थ असा की चाकाच्या खुर्चीतून तिथवर जाता आलं पाहिजे. बुवांच्या काडतूसपेट्या या मापात बसत नाहीत. सपाट डांबरावरचा तो कुरूप खांब पुष्कळदा बसतो. गुडघे गेलेल्या आजोबांचा, कडेवर मूल असलेल्या बाईचा, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मिळालेल्या कारकुनाचा डबा कुठे असावा असं बुवांचं मत आहे, ते त्यांनी एकदा सांगायला हवं.

यावर बुवांचा ठेवणीतला मुद्दा परंपरेचा. ‘मूळ खेळ असा नव्हता.’ तर मूळ बघू. उल्मरची ती आद्य बादली कुठल्या शिखरावर नव्हती, रस्त्यालगतच्या झाडीत होती. ती जमिनीत अर्धवट पुरलेली होती. आज डब्यासाठी जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. तिच्यात खायची वस्तू होती. आज डब्यात खाद्यपदार्थ चालत नाहीत, कारण तो वास माणसांपेक्षा जनावरांना आधी लागतो. थोडक्यात, ज्या बादलीपासून सगळा वंश सुरू झाला ती आज मंजुरीला पाठवली तर दोन कारणांनी साभार परत येईल. आणि परंपराच काढायची तर आणखी मागे जाता येतं. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूर माळावर जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकून यायचं. त्यातूनच लेटरबॉक्सिंगचा छंद निघाला, तो वाटेच्या खुणा वाचून आणि कंपास धरून खेळतात. त्या घराण्यातल्या कडव्या माणसाच्या दृष्टीने आभाळातल्या उपग्रहाला पत्ता विचारत जाणारे आपले सोवळेबुवा स्वतःच ओवळे आहेत. सोवळ्याची हीच गंमत आहे: ते कितीही कडक पाळलं तरी आपल्यापेक्षा कडक पाळणारा कुणीतरी आधीच होऊन गेलेला असतो.

आवडीचा कायदा करून बघण्याचा प्रयोग या खेळाने केलेलाच नाही असंही नाही. काही जागी डबा ठेवताच येत नाही, म्हणून बिनडब्याचा एक प्रकार निघाला. त्या जागी जायचं, तिथला एखादा तपशील बघून प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. असा ‘आभासी डबा’ कुणीही कुठल्याही कचराकुंडीपाशी काढू नये म्हणून अट आली की जागा बघून माणसाच्या तोंडून ‘वा!’ निघालं पाहिजे. अट बुवांच्या मनासारखी होती. आता हे ‘वा’ कुणाच्या तोंडून, हे ठरवायचं काम आलं डबे तपासणाऱ्या बिनपगारी स्वयंसेवकांच्या गळ्यात. ज्याच्या गावचा पुतळा नाकारला जाई तो पुतळ्यामागचा इतिहास घेऊन भांडायला उभा. एक ‘वा’ म्हणजे किती ‘वा’, याची पट्टी कुणाला सापडली नाही. कारणं इतरही होती, पण २००५ मध्ये नवे आभासी डबे घेणंच बंद झालं, आणि २०१७ मध्ये पुन्हा दार किलकिलं झालं तेही निवडक ४००० जणांपुरतं. दुसरा प्रयोग डबे लपवणाऱ्यांनी केला. डबा सापडून, वहीत सही करूनही नोंद मान्य व्हायची नाही. आधी विचित्र टोपी घालून फोटो काढा, चार ओळींची कविता पाडा, मग बघू. कुणाला यात धमाल वाटे, कुणाला घाम फुटे. २००९ मध्ये या जादा अटी सक्तीच्या राहिल्या नाहीत. टोपी घालायची हौस असेल त्याने खुशाल घालावी, पण वहीत सही असली की डबा सापडला. हौस ऐच्छिक केल्यावर टोप्यांचे फोटो आले असतील ते हसरे आले असतील, इतकं नक्की.

बुवांच्या बाजूने एक आक्षेप मात्र जड आहे. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे. मैलाचा दहावा भाग. म्हणजे जागा संपते. नेवाडा राज्यातल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला परग्रहवासीयांच्या दंतकथांपायी ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे’ असं अधिकृत नाव मिळालेलं आहे. त्या निर्मनुष्य रस्त्याच्या कडेने लोकांनी बरोबर या अंतरावर एकेक करत हजाराहून जास्त डब्या पेरल्या. तिथे शोधणं नसतंच. चौघं गाडीत, एक चालवतो, एक उडी मारतो, दगडाखालची डबी उचलतो, तिच्या जागी मागच्या थांब्यावरून आणलेली, गाडीत शिक्का मारून तयार ठेवलेली डबी ठेवतो आणि धावत परत. पुढच्या १६१ मीटरवर पुन्हा तेच. दिवसभरात शेकड्यांनी. बुवांच्या मते हा खेळ नव्हे, हमाली. नकाशावर ठिपक्यांची ही मुंग्यांची रांग बघून त्यांना मळमळतं.

यात दोन तक्रारी एकत्र कालवल्या आहेत, त्या वेगळ्या कराव्या लागतील. गावातल्या एकुलत्या एका छान बागेत कुणी घाईघाईने फालतू डबी ठोकली आणि वर्षानुवर्षं तिकडे बघितलंच नाही, तर त्याने तेवढी जागा खरोखर अडवली. तिथे एखाद्याने महिनाभर खपून केलेला डबा येऊ शकला असता. ही तक्रार रास्त आहे आणि तिचा रोख आळशी मालकावर आहे, आकडे मोजणाऱ्यावर नाही. वाळवंटातल्या रस्त्यावर मात्र कुणाची जागा अडली? तिथे डबा ठेवायला रांग लागली नव्हती. जी हमाली बुवांना दिसते ती चौघं मित्र पैसे खर्च करून, रजा टाकून करतात, धुळीने माखून पहाटे एकमेकांच्या अंगावर पेंगतात आणि पुढची दहा वर्षं तेच सांगत बसतात. त्यांचा आनंद डबीत नव्हताच, गाडीत होता. बुवांनी नकाशावरची ती रांग गाळणी लावून दिसेनाशी करावी. यंत्रात तशी सोय आहे. पण दिसेनाशी झाली तर नावं कशाला ठेवायची, ही अडचण उरते.

आणि आकडेवाला तरी कुठला संत! त्याचाही एक उलटा सोवळेपणा आहे. एका कोड्यासाठी तीन आठवडे गुप्तलिपीची पुस्तकं चाळणाऱ्याला तो ‘वेळ जात नाही का?’ असं विचारतो. डोंगरातल्या एका पेटीसाठी रविवार घालवणाऱ्याला ‘तेवढ्यात माझे दोनशे झाले’ म्हणून ऐकवतो. या व्यक्तिचित्रात त्याला जागा कमी मिळाली याचं कारण एवढंच की तो थांबून वाद घालत नाही, त्याला पुढची डबी गाठायची असते. शिवाय आकड्यांचं वेड बुवांना शिवलेलंच नाही असंही समजू नये. नवा डबा जाहीर झाला की त्याच्या कोऱ्या वहीत पहिली सही कुणाची यासाठी जी शर्यत लागते, तीत डोक्याला विजेरी बांधून पहाटे साडेचारला निघणाऱ्यांत बुवा असतात. या पहिलेपणाची अधिकृत नोंद कुठेच ठेवली जात नाही. बुवा ठेवतात.

मग सगळंच चालतं का? बुवांचा हा शेवटचा सवाल, आणि तो टाळता येत नाही. नाही, सगळं चालत नाही. घरबसल्या ‘सापडला’ अशी नोंद ठोकणारा आपला आकडा फुगवतो एवढंच असतं तर त्याचं तो बघून घेईल. पण ती कालची नोंद वाचून दुसरा कुणी पन्नास मैल गाडी हाकत येतो आणि सहा महिन्यांपूर्वी चोरीला गेलेला डबा झुडपात हात घालून शोधत बसतो. डबा मिळाला नाही म्हणून खिशातली डबी तिथेच टाकून ‘सापडला’ म्हणणारा तर डबे दोन करून ठेवतो आणि मालकाला पत्ताही नसतो. जागेच्या मालकाला न विचारता भर वस्तीत डबा दडवणं हेही खासगी आवडीचं प्रकरण नव्हे. २०११ मध्ये इंग्लंडातल्या वेदरबी गावात रस्त्यावरच्या अशाच एका डब्याशी चाललेली कुणाची तरी संशयास्पद हालचाल लोकांच्या डोळ्यांवर आली, रस्ता बंद झाला आणि लष्कराच्या पथकाने तो निरुपद्रवी डबा उडवून दिला. इथे नियम हवेत, कडक हवेत, कारण इथे दुसऱ्याचा दिवस वाया जातो, दुसऱ्याची वस्तू बिघडते, दुसऱ्याच्या गावाची झोप उडते. पण स्टिकर डकवण्याने कुणाचा दिवस वाया गेला? बुवांची चूक राग येण्यात नाही. ते सगळ्याच गोष्टींवर सारखेच रागावतात; खोट्या नोंदीला जेवढं तेल ओततात तेवढंच स्टिकरला, आणि मग खरी आग लागते तेव्हा लोकांना वाटतं, बुवांचं रोजचंच आहे.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे नोंदीतली चार इंग्रजी अक्षरं, टीएफटीसी. ‘डब्याबद्दल आभार’ याचं हे आद्याक्षरी लोणचं. ज्याने सुतारकाम करून चोरकप्प्याची पेटी बनवली, जागेची परवानगी मिळवली, जुन्या गिरणीचा इतिहास खणून लिहिला, त्याची मजुरी म्हणजे शोधणाऱ्याची नोंद. दुसरं काहीच त्याला मिळत नाही. तिथे चार अक्षरं आली की पंगतीत जेवून ‘बरं होतं’ म्हणून हात धुवायला उठल्यासारखं होतं. बुवा याबद्दल बोलतात तेव्हा ऐकावं. फक्त आग्रह आणि सक्ती यांत ताट आणि तुरुंग यांइतकं अंतर आहे हे त्यांनीही लक्षात ठेवावं. पावसात, मोबाईलच्या ओल्या काचेवर, अंगठ्याने किती गद्य लिहिता येतं! या बाबतीत खेळाने २०१० च्या अखेरीस एक शहाणपणाची युक्ती काढली. पैसे भरून सभासद झालेल्याला दर दहा डब्यांमागे एक पसंतीचा गुण वाटायला मिळू लागला. जो डबा मनापासून आवडला त्याला द्यायचा. वाईटाला शिक्षा नाही, चांगल्याला टाळी. खांबाच्या झालरी जिथल्या तिथे राहिल्या, पण दूरवरून आलेल्या माणसाला या गावात बघण्याजोगं काय आहे हे एका नजरेत कळू लागलं. आपल्याकडे लपंडावात शेजारचं चार वर्षांचं पोर ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतलेलं असतं. त्याच्यावर राज्य येत नाही, ते पडद्याबाहेर पाय ठेवून लपतं आणि सगळे ते न दिसल्याचं सोंग करतात. तेवढ्याने मोठ्यांचा डाव कधी मोडलेला नाही. डाव मोडतो तो रडीचा डाव खेळणाऱ्यामुळे, आणि मोठी पोरं या दोघांत कधी गल्लत करत नाहीत.

आता बुवांची बाजू, कारण ती घेतल्याशिवाय हा हिशोब पुरा होणार नाही. पावसाळ्यानंतर आपल्या डब्यांची फेरी कोण मारतं? लगदा झालेली वही काढून कोरी कोण ठेवतं? दुसऱ्याच्या डब्याचं रबर फाटलेलं दिसलं तर सॅकमधून चिकटपट्टी काढून ते सांधून मालकाला तसं कळवतो कोण? स्टिकर डकवणारा नक्की नाही, तो केव्हाच पुढे गेला. बुवांच्या सॅकमध्ये कोऱ्या वह्या, सुट्या पेन्सिली, हवा बंद ठेवणाऱ्या पिशव्या आणि चिमटे असतात, आणि चिमटे कशासाठी विचारलं तर थोडं थांबून, खाली बघत उत्तर येतं: नॅनोसाठी. ज्या डबीला ते डबी मानत नाहीत तिची पट्टी नीट गुंडाळून, कडा जुळवून, झाकण फिरवून ठेवणारा माणूस तोच आहे.

उल्मरच्या बादलीतला तो बीन्सचा डबा पुढे गंजून चिंबलेल्या अवस्थेत मूळ जागी सापडला. आता तो फेकायच्या नव्हे, पुजायच्या लायकीचा झाला आहे. त्याला स्वतःचा क्रमांक आहे, तो मेळाव्यांना नेला जातो आणि लोक तो पाहिल्याची नोंद आपल्या नावावर करतात. तिथे रांगेत सगळे असतात. वाळवंटात हजार डब्या उचलणारे, तीन आठवडे एका कोड्यावर बसणारे, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, कडेवरच्या मुलाला गंजलेला पत्रा दाखवणारी आई. त्यांच्या मागे बुवा, टोपी काढून. आणि ज्या दोघांनी रांगेत न थांबता लांबूनच क्रमांक टिपून घेतला, त्यांना बाजूला घेऊन ते खालच्या आवाजात विचारत असतात, ‘प्रत्यक्ष बघितलात ना? की नुसताच आकडा?’